गळ, आमिष आणि धीर : नदीकांठच्या एका जुन्या विद्येची हकीकत

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराची बांधणी, शाळेची वाढ आणि येथें सेवा करून गेलेले धर्मगुरू यांचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. संपादकमंडळानें आम्हांस "इतिहासाचें कांहीं तरी" लिहावयास सांगितलें, तेव्हां आम्हीं नदीकडे वळण्याचें ठरविलें. नाशिकचें सारें जीवन गोदावरी आणि दारणा यांच्या पाण्यावर पोसलेलें आहे. आपल्या धर्मग्रामांत वसईकडून, गोव्याकडून, नगरकडून आलेलीं कुटुंबें आहेत. त्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांनीं समुद्रांत वा नदींत गळ टाकलेला आहे. शिवाय ज्या प्रेषितांच्या शब्दावर आपली श्रद्धा उभी आहे, त्यांतले कांहीं जण कोळीच होते. तेव्हां मोठ्या शिकारी माशासाठीं जिवंत आमिष गळाला कसें लावावें, या क्षुल्लक वाटणाऱ्या विद्येचा इतिहास वाचकांना अगदींच परका वाटूं नये.

आपली भाषाहि या विद्येची ऋणी आहे. अमुक माणूस "गळाला लागला", तमुक "आमिषाला भुलला", असें आपण रोज म्हणतों. परंतु नदीवर बसणाऱ्या माणसाचा अनुभव या म्हणण्याच्या नेमका उलट असतो. आमिषाला भुललेला मासा बहुतेक वेळां गळाला लागतच नाहीं. दोरीला हिसका बसतो, माणूस ओढतो, आणि वर येतें तें खरवडलेलें आमिष अथवा नुसता रिकामा गळ. मासा खाऊन जातो, आणि माणूस बसून राहतो. गेल्या कित्येक शतकांतील या विषयावरील लिखाण चाळून पाहिलें, तर सर्वांची खटपट या एकाच अडचणीपायीं चाललेली दिसते. आणि सर्वांना सांपडलेलें उत्तरहि जवळजवळ एकच आहे. तें असें, कीं अधिक बळकट लोखंडानें वा अधिक जोरानें ही अडचण सुटत नाहीं. आमिषाला कमींत कमी इजा करावी, आणि मासा कसा खातो हें पाहून त्याला वेळ द्यावा, म्हणजे ती सुटते.

गळ ही वस्तु फार प्राचीन आहे. सिंधु संस्कृतीच्या नगरांच्या उत्खननांत तांब्याचे गळ मिळाले आहेत. संस्कृतांत गळाला 'बडिश' असा शब्द आहे, आणि आमिषाच्या लोभानें बडिश गिळणारा मासा हा नीतिकारांचा आवडता दृष्टांत आहे. परंतु नीतिकाराला माशाच्या लोभाशींच कर्तव्य; गळ कसा लावला याची चौकशी तो करीत नाहीं. ती चौकशी करणारा ग्रंथ आपल्याच भागांत निर्माण झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. मराठी व कानडी दोन्ही कानीं पडावी असा तो मुलूख. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, ही नोंद ज्या ग्रंथांत आढळते तो हाच. त्यांत राजाच्या करमणुकींचें वर्णन करतांना 'मत्स्यविनोद' नांवाचें एक प्रकरण दिलें आहे. सुमारें ३५ प्रकारच्या माशांचीं नांवें त्यांत आहेत. कोणता मासा समुद्राचा, कोणता नदीचा, कोणता खवल्यांचा, कोणता बिनखवल्यांचा, हें सांगितलें आहे. आणि कोणाला काय खाऊं घालावें याचाहि विचार आहे. ठरलेल्या जागीं खाद्य घालून माशांना आधीं त्या जागेची संवय लावावी, मग गळ टाकावा, असा राजाचा क्रम आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचा अभ्यास करून तें विद्वानांच्या नजरेस आणलें. नऊशें वर्षांपूर्वींच्या त्या राजाला एवढें पक्कें कळलेलें होतें, कीं गळाचें काम गळापासून सुरू होत नसून माशाच्या संवयींपासून होतें.

युरोपांत या विषयावरील जुन्या छापील पुस्तकांपैकीं एक १४९६ सालीं इंग्लंडांत निघालें. तें ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या एका मठाध्यक्षिणीनें लिहिलें अशी परंपरा आहे. आधुनिक संशोधक तिजविषयीं साशंक आहेत, तथापि धर्मभगिनींच्या नांवावर गळाचें शास्त्र जमा व्हावें ही गंमत आमच्या वाचकांना रुचेल. तेथील नद्यांत 'पाईक' नांवाचा लांब जबड्याचा मोठा हिंस्र मासा असतो. आपल्याकडील शिवडा जसा, तसाच तो इतर माशांवर जगतो. त्याच्यासाठीं जिवंत बेडूक लावावयाचा असेल, तर गळ त्याच्या मानेजवळ, पाठीच्या बाजूस, कातडी व मांस यांच्या मधून घालावा आणि गळापासून कांहीं अंतरावर तरंगणारा बोया बांधावा, असें त्या पुस्तकांत सांगितलें आहे. गळ मांसांत न रुतवतां नुसत्या कातडीखालून नेला, म्हणजे बेडूक पोहत राहतो. पुढें १६५३ सालीं आयझॅक वॉल्टन यानें आपल्या प्रसिद्ध पुस्तकांत हाच विचार पुढें नेला. जिवंत मासा लावतांना डोकें व पाठीवरचा पंख यांच्यामध्यें चाकूनें बारीकशी चीर पाडून तींतून तार घालावी, ती शेपटीजवळ बाहेर काढावी, आणि वरून दोऱ्यानें बांधावी, अशी त्याची रीत आहे. बेडकाला तर इतक्या ममतेनें हाताळावें, कीं त्यास शक्य तितकी कमी इजा होऊन तो अधिक काळ जगेल, असें तो सांगतो. ज्याला मारावयास पाठवावयाचें त्यालाच ममतेनें हाताळावयाचें! या विसंगतीवर त्या काळापासून अनेकांनीं थट्टा केली आहे. परंतु धंद्याच्या दृष्टीनें वॉल्टनचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. तडफडणारें, रक्ताळलेलें, एका कुशीवर कललेलें आमिष पाहून सावध मासा दूर राहतो. नाहीं तर लहानसहान मासे येऊन तें कुरतडून टाकतात.

आमिषाखालीं दडलेल्या गळाची प्रतिमा ख्रिस्तसभेच्या आचार्यांनींहि वापरली आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. चौथ्या शतकांतील न्यिसाचा संत ग्रेगरी यानें तारणाचें रहस्य समजावतांना असें मांडलें, कीं ख्रिस्ताच्या मानवी देहाखालीं त्याचें देवत्व आमिषाखालच्या गळाप्रमाणें झांकलेलें होतें. मृत्यूनें देह गिळला आणि तो स्वतःच धरला गेला. बाराव्या शतकांत, म्हणजे आपल्या सोमेश्वराच्या नंतर थोड्याच वर्षांनीं, आल्सासमधील मठाध्यक्षिण हेराड हिनें आपल्या सचित्र ग्रंथांत हाच देखावा रेखाटविला होता. लिव्याथान नांवाचा सागरी राक्षस, त्याच्या जबड्यांत गळाच्या जागीं क्रूस, आणि दोरीच्या जागीं येशूचे पूर्वज. तो ग्रंथ १८७० सालीं स्ट्रासबुर्गच्या आगींत जळाला. त्याच्या नकला मात्र उरल्या. शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख एकदांच येतो: मत्तयाच्या सतराव्या अध्यायांत, मंदिराच्या पट्टीसाठीं पेत्रास समुद्रावर धाडलें जातें तेव्हां. एरव्हीं सारी हकीकत जाळ्यांची आहे. जाळें पुष्कळांना एकदम ओढतें. गळाला मात्र एकेकाची वाट पाहावी लागते.

आतां आपल्या दख्खनकडे येऊं. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ पासून कांहीं वर्षें दख्खनची पाहणी करीत हिंडला आणि पुढें १८३९ सालीं त्यानें येथील माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानें एक मोठें चांगलें काम केलें. नदीकांठच्या लोकांकडून माशांचीं मराठी नांवें विचारून घेऊन तींच त्यानें शास्त्रीय नांवांत बसविलीं. त्यामुळें दख्खनी माहसीर जगभर 'खुद्री' या नांवानें ओळखला जातो. शिंगाळा, बोगट, पोटाईल, नुकता, मळ्या, रोहटी हे आपले शब्द आज लंडन व पॅरिस येथील संग्रहालयांच्या बरण्यांवर लॅटिन वेषांत बसले आहेत. पण नांवें गेलीं, विद्या गेली नाहीं. कोणता मासा कोणत्या डोहांत, कोणत्या महिन्यांत, कोणत्या आमिषाला, कोणत्या बाजूनें तोंड लावतो, हें ज्या भोई व कोळी लोकांना ठाऊक होतें, त्यांना तें कोणी लिहून ठेवावयास सांगितलें नाहीं. पुढें मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर मोठें पुस्तक मंगळूरास छापलें. माहसीराच्या जबड्यांत दांत नसतात. ते त्याच्या घशांत असतात, आणि त्यांनीं तो भक्ष्य चिरडतो. म्हणून विलायतेहून आलेले नाजूक गळ त्याच्या तोंडांत चेपले जाऊन मोडत, हें थॉमसनें ध्यानांत आणून दिलें. येथें लोखंडाच्या बळकटीचा प्रश्न खरा होता; परंतु तोसुद्धां माशाचें तोंड पाहिल्यावांचून कळला नाहीं.

जें पुस्तकांत नव्हतें तें आम्हांस आपल्या धर्मग्रामांतील एका वृद्ध गृहस्थांकडून कळलें. आतां ते प्रभूच्या घरीं गेले आहेत. रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर ते दारणेच्या कांठीं एका भोई मित्राबरोबर बसत. आम्ही या धर्मग्रामांत नवे आलों होतों, तेव्हां एका दुपारीं त्यांनीं आम्हांस बरोबर नेलें. ओल्या कापडांत हात भिजवून त्यांनीं डबक्यांतला एक लहानसा मळ्या उचलला. कोरड्या हातानें धरलें, तर माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो व तो लवकर मरतो, हें तेव्हां आम्हांस कळलें. गळ त्यांनीं पाठीवरच्या पंखाच्या किंचित पुढें, कण्याच्या पुष्कळ वर, कातडीच्या अगदीं पातळ थरांतून घातला आणि टोंक स्वच्छ उघडें ठेवलें. "टोंक मांसांत बुडालं, कीं ओढतांना तें आमिषालाच परत टोचतं, फादर, मोठ्या माशापर्यंत पोंचतच नाहीं," असें ते म्हणाले.

वाहत्या पाण्यांत मात्र हीच रीत चालत नाहीं. पाठींत गळ घातलेलें आमिष प्रवाहांत आडवें होतें आणि गुदमरतें. तेथें गळ खालच्या ओठांतून वर काढून दोन्ही ओठांतून, किंवा नुसत्या वरच्या ओठांतून घालतात, म्हणजे आमिषाचें तोंड प्रवाहाकडे राहून त्याच्या कल्ल्यांतून पाणी नीट वाहतें. शेपटीच्या बाजूस गळ घातला, तर आमिष कांठापासून दूर आणि खोल पोहत जातें. खडकाच्या वा झुडपाच्या आड दडलेल्या माशापर्यंत तें पोंचविण्यास ही जागा बरी. सारांश, स्थिर पाण्यांत पाठ, वाहत्यांत ओठ, खोलांत शेपटी. गळहि आमिषाच्या मानानें असावा. फार जड गळानें तें लवकर थकतें, फार लहान गळाला मोठ्या माशाच्या तोंडांत पकड मिळत नाहीं. दोरीला पीळ पडूं नये म्हणून मध्यें भोवरकडी घालावी, आणि शिशाचें वजन आमिषाला खालीं खेंचून ठेवील इतकें जड नसावें.

त्या दुपारीं बोया बुडाला, आणि आम्हीं तत्काळ दोरी खेंचली. मळ्या परत आला. त्याच्या दोन्ही कुशींवर दांतांच्या बारीक ओळी उमटलेल्या होत्या. वृद्ध गृहस्थ हंसले नाहींत. "तुम्हीं घाई केलीत, फादर. त्यानं अजून नुसतं धरलं होतं. फिरवून घेऊं द्यायचं होतं." मागाहून विचार करतां यांतील शास्त्र ध्यानांत आलें. शिकारी मासा भक्ष्य पुष्कळदां आडवें पकडतो. परंतु माशाचे खवले व पंखांचे कांटे मागें झुकलेले असल्यामुळें त्याला तें फिरवून डोक्याकडून गिळावें लागतें. तोंडांत भक्ष्य आडवें असतांना ओढलें, तर गळ जबड्याबाहेरच असतो. बोया एकदां बुडतो, थांबतो, आणि मग दुसऱ्यांदा सावकाश सरकूं लागतो. त्या दुसऱ्या सरकण्यापर्यंत हात आवरणें, हीच त्या विद्येची परीक्षा. उलट अति वाट पाहिली, तर मासा गळ पोटापर्यंत गिळतो, आणि तो लहान निघाला तरी त्याला जिवंत सोडतां येत नाहीं. घाई व दिरंगाई यांच्यामधली ती जागा फार अरुंद आहे.

समुद्रावर या विद्येला आणखी वळण मिळालें. वसईकडील आपल्या कोळी बांधवांस ठाऊक आहे, कीं सुरमई भक्ष्याच्या मागच्या अंगावर झडप घालते आणि कात्रीसारख्या दांतांनीं त्याचे दोन तुकडे करते. म्हणून पुढच्या गळामागें तारेनें जोडलेला दुसरा गळ शेपटीजवळ ठेवावा लागतो, आणि दोरीच्या टोंकाशीं तार नसेल, तर दोरीच तुटून जाते. खाडींतील जिताड्यासाठीं जिवंत कोळंबी लावतांना तिच्या डोक्यांतला काळसर डाग वांचवून शिंगाच्या बुडाशीं गळ घालतात. त्या डागाला गळ लागला, कीं ती तेथेंच मरते. खोल समुद्रांत अतिशय मोठ्या माशांसाठीं गळ आमिषाच्या अंगांत मुळींच न घालतां, डोळ्यांच्या खोबणींच्या पुढून दोरा ओंवून त्या दोऱ्यालाच गळ बांधण्याची पद्धति आहे. आमिष जवळजवळ अक्षत राहतें, तासन् तास पोहतें, आणि गळ पूर्ण उघडा राहिल्यामुळें धरलेला मासा सुटण्याचा संभव कमी होतो.

गळाचा आकारहि असाच बदलला. प्रशांत महासागरांतील बेटांवरचे लोक पूर्वीपासून हाडाचे व शिंपल्याचे असे गळ करीत, कीं त्यांचें टोंक बाहेर न राहतां आंत, दांड्याकडे वळलेलें असे. आज तोच आकार पोलादांत घडवून जगभर वापरला जातो. अशा गोल गळाला हिसका द्यावयाचा नसतो. हिसका दिला, तर तो तोंडांतून घसरून येतो. मासा गिळून वळला आणि दोरी सावकाश ताणली गेली, कीं गळ घशांतून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यांत आपोआप अडकतो. मासा पोटांत गळ घेऊन मरण्याचें प्रमाण त्यामुळें घटतें, असें संशोधनांत दिसून आलें आहे. म्हणजे दारणेच्या कांठीं आम्हांस जो धीर शिकावा लागला, तो या गळाच्या आकारांतच घडवून ठेवलेला आहे.

आतां या हकीकतीची दुःखाची बाजू. दारणेवर १९१६ सालीं, गोदावरीवर गंगापूर येथें १९६५ सालीं आणि पैठणास १९७६ सालीं धरणें पुरीं झालीं. त्यांच्या पाण्यानें शेतें पिकलीं, शहरें वाढलीं; तें नाकारणें कृतघ्नपणा होईल. परंतु पावसाळ्यांत अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माहसीराची वाट बंद झाली, आणि शहरांचें सांडपाणी त्याच्या डोहांत उतरलें. टाटांच्या वीजकंपनीनें लोणावळ्यास वळवण येथें १९७० नंतर या माशाचीं पिलें वाढविण्याचें केंद्र चालविलें, तें दख्खनावर मोठेंच उपकार आहेत. इकडे १९५२ सालीं देशांत आणलेला तिलापिया आज जवळजवळ प्रत्येक तळ्यांत आहे. तो चिवट असल्यामुळें जिवंत आमिष म्हणून कित्येक जण त्याला वापरतात. परंतु गळावरून सुटलेली एकादी जोडी नव्या पाण्यांत वंश वाढवून तेथल्या माशांचें अन्न हिरावूं शकते. म्हणून जेथला मासा तेथेंच आमिष म्हणून वापरावा, आणि उरलेलें आमिष दुसऱ्या पाण्यांत कधींहि ओतूं नये.

जिवंत आमिषाविषयीं जगाचें मनहि बदलत आहे. जर्मनींत व स्कॉटलंडांतील गोड्या पाण्यांत जिवंत मासा आमिष म्हणून लावण्यास मनाई आहे. आपल्या देशांत १९६० सालच्या कायद्यानें, केवळ करमणुकीसाठीं एका प्राण्यास दुसऱ्याचें भक्ष्य व्हावें अशा रीतीनें बांधून ठेवणें हा गुन्हा ठरविला आहे. आणि मनुष्याखेरीज प्रत्येक जिवंत प्राणी त्या कायद्याच्या व्याख्येंत येतो. गळाच्या आमिषाला हा नियम कोठपर्यंत लागतो, तें कायदेपंडितांनीं पाहावें. आमचा प्रश्न विवेकबुद्धीचा आहे. सोमेश्वर राजाला तो विनोद होता. भोयाला ती भाकरी होती. पोटासाठीं घेतलेला जीव आणि मौजेसाठीं टांगलेला जीव यांत भेद आहे, आणि तो भेद ज्याचा त्यानें नदीवर जाण्यापूर्वीं स्वतःला विचारून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

शेवटीं त्या वृद्ध गृहस्थांची एक गोष्ट सांगून पुरें करूं. एका श्रावणांत त्यांच्याबरोबर एका पाझर तलावाच्या बांधावरून जात असतां उथळ पाण्यांत तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका हलतांना दिसला. तीं मरळीचीं पिलें होतीं. खालीं त्यांची राखण करणारी मोठी मरळ असलीच पाहिजे. मरळ पिलांवर येणाऱ्या कशावरहि तुटून पडते. त्या पुंजक्यावरून एक बेडूक ओढला असता, तर पहिल्याच फेकींत ती लागली असती. इतका खात्रीचा गळ दुसरा नाहीं. आम्हीं त्यांच्या पिशवीकडे पाहिलें. ते म्हणाले, "तिला नाहीं, फादर. ती भुकेनं खात नाहींये. ती गेली, तर पिलं संध्याकाळपर्यंतसुद्धां उरायचीं नाहींत." आणि ते पुढें चालूं लागले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ती याच विचारानें. परंतु त्या बांधावर पाहावयास कोणी शिपाई नव्हता.

नऊशें वर्षांच्या या विद्येचा पहिला धडा आमिषाला न दुखविण्याचा, दुसरा हात आवरण्याचा, आणि तिसरा, जो कोणत्याहि पुस्तकांत आम्हांस आढळला नाहीं, तो गळ पिशवींतच ठेवण्याचा. आपल्या घरांतील वृद्धांपाशीं नदीचें, समुद्राचें, शेताचें असें जें ज्ञान अजून आहे, तें त्यांना विचारून या महोत्सवी वर्षांत लिहून ठेवावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. साईक्सनें नांवें नेलीं. उरलेलें तरी आपण आपल्या हातांनीं जपूं या. प्रभु आपणां सर्वांस पेत्राचा धीर देवो.